पावणेचारचा भोंगा

तिसऱ्या, शेवटच्या सेटच्या टायब्रेकमध्ये शिरीन सहा-पाचने पुढे होती आणि सर्व्हिस तिचीच होती. आता फक्त एक गुण हवा होता. मी जाळीबाहेरच्या लोखंडी बाकावर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते, कारण मॅच चालू असताना प्रशिक्षकाने खुणा करायच्या नसतात आणि माझे हात माझं ऐकत नाहीत. तोंडही ऐकत नाही, म्हणून त्यात बडीशेप कोंबली होती. जन्मात कधी गप्प न बसलेल्या बाईला यापेक्षा मोठी शिक्षा नसेल.

शिरीन माझी विद्यार्थिनी, शहाद्याच्या शकील गादीवाल्याची मुलगी. नेटच्या पलीकडे नाशिकची काजल होती. सोळा वर्षांखालच्या मुलींच्या राज्य टेनिस स्पर्धेची ही फायनल, आणि जी जिंकेल ती थेट महाराष्ट्राच्या संघात जाणार होती. काजल अजून लहान होती, तिला पुढचं वर्ष होतं, त्याच्या पुढचंही होतं. शिरीनला नव्हतं. मार्चमध्ये तिचं वय उलटणार आणि त्या संघाचं दार तिच्यापुरतं कायमचं बंद होणार, हे तिला, मला आणि तिच्या बापाला चांगलं माहीत होतं.

आणि ही फायनल कुठे, तर आमच्या पुरुषोत्तमनगरात, साखर कारखान्याच्या कॉलनीतल्या लाल मातीच्या कोर्टावर. राज्याची स्पर्धा आमच्याकडे यावी म्हणून मी किती जणांशी भांडले ते मलाच माहीत. पुण्याच्या एका साहेबांनी तर फोनवर विचारलं होतं, तिथे कोर्ट आहे का? मी म्हटलं, कोर्ट आहे, रोलर आहे, आणि दोनदा राष्ट्रीय विजेती झालेली एक बाई आहे, अजून काय पाहिजे?

ती बाई म्हणजे मी, चारुलता पाटील. गाव प्रकाशा. वडील हेमकांत पाटील कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसाची गोडी मोजायचे, म्हणून मी कॉलनीत वाढले. आम्ही तिथे नुकतेच राहायला आलो होतो, तेव्हा कॉलनीच्या शाळेतले खेळाचे सर हिलाल आप्पा यांनी माझ्या हातात पहिली रॅकेट दिली. पहिल्याच आठवड्यात मी मारायला हात उचलला आणि कारखान्याचा भोंगा झाला. मी दचकून थांबले, चेंडू पोटावर बसला. आप्पा हसले नाहीत की जवळही आले नाहीत. म्हणाले, "चेंडू देख, पोरी. भोंगा कारखानाना शे, तुन्हा नही."

तो भोंगा काय प्रकार आहे हे बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. पाळी बदलायच्या पाव तास आधी एक होतो आणि पाळी बदलताना दुसरा. आमच्याकडे आलेल्या पाहुण्याच्या हातून चहा सांडतो आणि आम्ही त्यालाच विचारतो, काय झालं हो? कॉलनीतल्या माणसाला भोंगा ऐकू येत नाही. म्हणजे कान चांगले असतात, पण आवाज आत कुठे पोचतच नाही.

माझं सगळं करिअर या न ऐकण्यावर उभं राहिलं. इंदूरच्या फायनलमध्ये स्टेडियमला लागून लग्नाची वरात आली, बँड काय वाजत होता म्हणे! समोरच्या मुलीच्या एकामागून एक सर्व्हिस नेटमध्ये गेल्या. ती पंचांकडे हात जोडून बघत होती, पंच म्हणाले खेळा. मी खेळले आणि जिंकले. दुसऱ्या दिवशी पेपरात माझ्या कानांचंच कौतुक. मला वरात होती हे बक्षीस घेताना कळलं. मग पुढे बाहेरच्या देशांत खेळले, थोडं जिंकले, बरंच हरले, खांदा गेला, शस्त्रक्रियेनंतरही परत आला नाही, आणि मी पुरुषोत्तमनगरला परतले. आल्यावर काही दिवस भोंग्याला दचकले. मग तोही पूर्वीसारखा नाहीसा झाला.

प्रशिक्षक झाल्यावर मी पोरांना हेच शिकवलं. भोंग्याची वेळ आली की मुद्दाम मोक्याचे गुण खेळायला लावायचे आणि जो थांबेल त्याला कोर्टाला फेऱ्या. "भोंगा ऐकू यायचा बंद होईल तेव्हा तुम्ही खेळाडू झालात," असं मी सांगायचे.

शिरीन या सगळ्यात माझी लाडकी. शकीलभाई क्लबच्या गाद्या नव्याने भरायला आले होते तेव्हा ही कापसाच्या ढिगाशेजारी बसून आमचा खेळ बघत होती, आणि बाहेर गेलेला चेंडू तिने इतका सरळ परत फेकला की मी तिला तिथेच उचललं. आमच्या नेटची वरची पांढरी पट्टी शकीलभाई स्वतः शिवून देतात, त्यांच्यासारखा टाका कोणाचा नाही. तिची शाळा सकाळची, म्हणून ते शिरीनला रोज दुपारी सोडायचे आणि चारला न्यायला यायचे. एकदा सरावानंतर मी तिला विचारलं होतं, "भोंगा झाला का गं?" तिने विचारलं, "कधी?" त्या दिवशी मला इतका आनंद झाला की मी तिला माझी जुनी रॅकेट देऊन टाकली.

तर तो मॅच पॉइंट.

शिरीनने चेंडू दोनदा आपटला, वर फेकला आणि सर्व्हिस बरोबर कोपऱ्यात घातली. काजलने कशीबशी परत केली. मग लांबलचक रॅली सुरू झाली, दोघीही बेसलाइनच्या मागे, दोघींनाही चूक करायची भीती. कॉलनीतली सगळी माणसं श्वास रोखून बसली होती. शिरीनने एक फोरहँड काजलच्या डाव्या बाजूला मारला. तसा काही विशेष नव्हता, काजल वेळेवर पोचली होती, रॅकेट मागे गेली होती. आणि एकदम तिचा खांदा उडाला, तिने हात वर केला आणि चेंडू तसाच जाऊ दिला. चेंडू रेषेच्या चांगला आत पडला.

खुर्चीवर हिलाल आप्पा होते. निवृत्तीनंतर त्यांनी पंचाची परीक्षा दिली, मार्कांनी पहिले आले, आणि पंच म्हणून ते सख्ख्या भावालाही सोडणार नाहीत. त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं, "गेम, सेट अँड मॅच, शिरीन!"

मी बडीशेप थुंकून ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, शेजारच्या कमलबाईंना मिठी मारली एवढं आठवतं. शिरीनने मात्र हात वर केले नव्हते. ती बेसलाइनवर खाली मातीकडे बघत उभी होती. आनंदाने सुन्न झाली असेल, असं मला वाटलं.

"सर, भोंगा वाजला!" काजल नेटजवळ येऊन ओरडत होती. "रॅली चालू असताना वाजला. मी हात वर केला होता. हा गुण परत खेळायचा!"

"कुठला भोंगा?" आप्पांनी विचारलं.

ते खोटं बोलत नव्हते. मी त्यांना चाळीस वर्षं ओळखते, त्यांना खोटं बोलता येत नाही. पण काजलचा चेहरा असा झाला की जणू आपल्याला सगळे मिळून वेड्यात काढताहेत. तिचे प्रशिक्षक जाळीला धरून आरडाओरडा करायला लागले, तिची आई रडायला लागली, आणि आमची माणसं उलट ओरडायला लागली.

स्पर्धेचे मुख्य रेफरी भाग्येश कुवर क्लबच्या हॉलमधून धावत आले. ते बक्षीस समारंभाची तयारी बघत होते, त्यांना तिथून कोर्ट दिसत नव्हतं. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "भोंगा तर मीही ऐकला. खुर्चीतून उठलो मी. प्रश्न एवढाच आहे की चेंडू खेळात असताना वाजला की गुण संपल्यावर. आधी वाजला असेल तर तो बाहेरचा अडथळा, गुण पुन्हा खेळायचा. नंतर वाजला असेल तर मॅच संपली. बोला, आप्पा."

आप्पांनी घड्याळ बघितलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. "वाजला तर असेलच, साहेब. वेळ झालीय. पण मला... मला ऐकू आला नाही."

"ऐकू आला नाही?" भाग्येश कुवरांनी लांबवर दिसणाऱ्या चिमणीकडे बघितलं, मग आप्पांकडे. "आप्पा, कारखाना तो समोर आहे."

मग त्यांनी जाळीबाहेरच्या माणसांना विचारलं. पंचांनी प्रेक्षकांना विचारायचं नसतं, पण माणूस गोंधळला होता. कोणी म्हणालं, "वाजना व्हई, पन नंतर वाजना व्हई." कोणी म्हणालं, आज वाजलाच नाही. कमलबाई म्हणाल्या, "माले तर काही ऐकू उना नही बा." भाग्येश कुवरांचा चेहरा लाल होत गेला. त्यांनी स्वतः ऐकलेला भोंगा अख्खी कॉलनी त्यांच्या तोंडावर नाकारत होती. आम्ही सगळे आपल्या पोरीसाठी एक झालोय, असंच त्यांना वाटलं असणार. त्यांच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं, आणि मी तर चार शब्द सुनावलेही असते.

ते माझ्याकडे वळले. आवाज खाली आला. "मॅडम, तुम्हाला विचारणं नियमात बसत नाही. पण मी शाळेत असताना धुळ्याला तुमची सही घेतली होती. तुम्ही बाकावरून सगळं बघत होतात. तुम्ही सांगा."

मी एक क्षणही थांबले नाही. मी त्या गुणाचा एकन् एक चेंडू बघितला होता, डोळ्यांची पापणी न हलवता. त्यात भोंगा कुठेच नव्हता. काजलचा हात दमला, हिंमत गेली, तिने चेंडू सोडला आणि मग भोंग्याचं निमित्त केलं, हे मला सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ दिसत होतं.

"गुण चालू असताना भोंगा वाजला नाही," मी म्हटलं. "माझा शब्द आहे."

काजल माझ्याकडे बघत राहिली. भाग्येश कुवरांनी मान हलवली आणि खुर्चीकडे जायला निघाले. झालं, मी मनात म्हटलं. शिरीन संघात गेली, जिंकलो.

"सर," शिरीनचा आवाज आला. "भोंगा वाजला."

ते थांबले.

"मी मारलेला चेंडू नेटवरून गेला, टप्पा पडायचा होता, तेव्हाच वाजला," ती म्हणाली. शाळेत वाचून दाखवावं तशी ती एकेक शब्द नीट उच्चारत होती. "काजलने त्याच्यानंतर हात वर केला. मी बघितलं."

भाग्येश कुवर हळूहळू माझ्याकडे वळले. त्या नजरेत काय होतं ते मी सांगू शकत नाही, पण माझ्याकडे आयुष्यात कोणी तसं बघितलेलं नव्हतं. धुळ्याला सही घेणारा मुलगा त्या क्षणी गेला होता. मला ओरडावंसं वाटलं की मी खोटं बोलले नाही, मला खरंच ऐकू आला नाही. पण हे कोणाला पटणार होतं? मलाच पटलं नसतं.

"सर, ताई खोटं नाही बोलत," शिरीन म्हणाली. "आप्पा पण नाही. इथे कोणालाच भोंगा ऐकू येत नाही. सवयीने कान मेलेत सगळ्यांचे. मी शहाद्याहून येते ना, म्हणून मला येतो. पावणेचारचा झाला की शेवटचा गेम आणि चारचा झाला की अब्बा गेटवर. नाही ऐकला तर अब्बांना उन्हात थांबावं लागतं. म्हणून मी रोज ऐकते."

रोज ऐकते. मी बाकाची कड घट्ट धरली.

भाग्येश कुवरांनी आप्पांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग बराच वेळ चिमणीकडे. शेवटी म्हणाले, "गुण पुन्हा. सहा-पाच. पहिली सर्व्हिस."

आमच्या माणसांत गलका उठला. कोणीतरी म्हणालं, पोर येडी शे का? खरं सांगायचं तर मी त्याच्याहून वाईट काहीतरी मनात म्हटलं. जिंकलेली मॅच हातातून देते? कोणी विचारलं होतं तुला? मला इतका संताप आला होता की जाळी नसती तर मी आत जाऊन तिला दोन्ही खांद्यांना धरून हलवलं असतं.

शिरीन सर्व्हिसला गेली. चेंडू आपटला. एकदा, दोनदा. आणि थांबली. पुन्हा खुर्चीकडे आली.

"सर, चारला दुसरा भोंगा होईल. आता कधीही. तो होऊ द्या, मग खेळू."

काजलने रॅकेट खाली केली. तिने पहिल्यांदाच शिरीनकडे नीट बघितलं.

मग आम्ही सगळे वाट बघत उभे राहिलो. इतक्या माणसांनी मिळून भोंग्याची वाट बघितल्याचं मला आठवत नाही. मळीचा वास येत होता, चिमणीतली काजळी पांढऱ्या रेषेवर पडत होती. आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

भोंगा झाला.

देवा! मी बाकावरून उठून उभी राहिले. तो आवाज जमिनीतून पायात चढला, जाळीच्या तारा थरथरल्या. कमलबाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले होते. एक लहान पोर रडायला लागलं. तो थांबेचना. एवढ्या आवाजात रॅकेट मागे नेलेली ती नाशिकची मुलगी दचकली नसती तर ती माणूस नव्हती. आणि या आवाजात शिरीन इतकी वर्षं खेळत होती, तो ऐकत, दचकत, तरी हात न थांबवता. मी तिला न ऐकायला शिकवत होते आणि ती त्याहून अवघड काहीतरी करत होती. मला पत्ताच नव्हता.

भोंगा थांबला. शिरीनने सर्व्हिस केली.

चेंडू नेटच्या पांढऱ्या पट्टीला लागला, तिच्या बापाने शिवलेल्या पट्टीला, आणि तिच्याच बाजूला पडला. दुसरी सर्व्हिस तिने जपून केली. काजलने तिच्यावर तुटून पडून गुण घेतला. सहा-सहा. दोघींनी बाजू बदलल्या, एकमेकींच्या शेजारून गेल्या, बघितलं नाही.

पुढच्या गुणाला शिरीनने काजलला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळवलं आणि तिसऱ्या वेळी मोकळ्या जागेत चेंडू ठेवला. सात-सहा. पुन्हा मॅच पॉइंट! या वेळी सर्व्हिस काजलची होती. शिरीनने ती सुंदर परत केली, पुढे आली, नेटजवळ पोचली, आणि काजलने तिच्या डोक्यावरून चेंडू उंच उचलला. शिरीन उलटी धावली. चेंडू मागच्या रेषेवर पडला, मातीत ठसा उमटला, रेषेला चिकटून. आप्पा खुर्चीवरून उतरले, वाकून बघितलं आणि हाताचा पंजा जमिनीला समांतर केला. आत. आप्पा तसेच आहेत. सात-सात.

नंतरचे दोन गुण मी धड बघू शकले नाही. शिरीनचे पाय थकले होते. एक चेंडू रेषेबाहेर गेला, लांब, वादालाही जागा नव्हती. शेवटचा तिच्या रॅकेटच्या कडेला लागून जाळीवर आदळला, बरोबर माझ्यासमोर.

ती नेटजवळ गेली, काजलशी हात मिळवला. काजल तिला काहीतरी म्हणाली आणि रडायला लागली. जिंकलेली रडत होती आणि हरलेली तिच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. मग शिरीनने आप्पांशी हात मिळवला, बॅग उचलली आणि जाळीचं दार उघडून माझ्यासमोर आली.

मी ठरवलं होतं की काही बोलायचं नाही. पण माझं तोंड.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं. "इतकी वर्षं? मी विचारलं होतं तुला, भोंगा झाला का म्हणून!"

"तुम्ही इतक्या आशेने विचारलं, ताई," ती म्हणाली. "ऐकू आला असं कसं सांगू? तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"आणि आज? आज नाही वाईट वाटलं मला?"

आता मात्र तिचा चेहरा रडवेला झाला. तिने बॅग छातीशी धरली. "ताई, त्या सगळ्यांना भोंगा ऐकू आला होता. नाशिकच्या, पुण्याच्या, सगळ्यांना. तुम्ही शब्द दिला. मी गप्प बसली असती तर संघात मी गेली असती, पण तिथे प्रत्येक जण म्हणाला असता, ही चारुलता पाटीलची पोरगी, ती बाई खोटं बोलून जिंकवते. मी कोणाकोणाला सांगत बसली असती की ताईंना खरंच ऐकू येत नाही?"

ज्या संघासाठी मी बाकावर हात दाबून बसले होते तो तिने माझ्या नावासाठी सोडून दिला होता, आणि मी तिला जाब विचारत होते. इंदूरची ती मुलगी मला आठवली, पंचांपुढे हात जोडणारी. तिचं नाव काही केल्या आठवेना.

गेटकडून शकीलभाई येत होते, खांद्यावर रुमाल, कपड्यांवर नेहमीप्रमाणे कापूस. चारचा भोंगा झाला तेव्हा ते गेटवर पोचले होते आणि गर्दीमुळे गाडी तिथेच लावून चालत आले होते. त्यांनी काहीच बघितलं नव्हतं. त्यांनी आधी मुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काय व्हयनं, ताई?" त्यांनी विचारलं. "जितनी का?"

शिरीनने मान खाली घातली. बोलायचं मलाच होतं.

"हारनी, शकीलभाई," मी म्हटलं. "पन मन्ही लाज राखी तिनी."

ते गोंधळले. त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिची बॅग आपल्या खांद्यावर घेतली. "मंग ठीक शे," ते म्हणाले. मग जरा थांबून, "ताई, तुम्ही काब्र रडी ऱ्हायनात?"

मी रडत होते आणि ते मला तोवर कळलं नव्हतं. मी पदराने तोंड पुसलं, शिरीनला जवळ ओढलं आणि तिच्या घामेजल्या केसांवर हनुवटी टेकवून तशीच उभी राहिले, सगळ्या कॉलनीसमोर. तिनेही मग मोठ्याने रडून घेतलं.

संघ गेला तो गेलाच. त्यावर कोणी काही केलं नाही आणि करण्यासारखं काही नव्हतंही. शिरीन अजून येते, वरच्या वयोगटात खेळते, हरते, जिंकते. काजलचा तिला अधूनमधून फोन येतो. मी मात्र बिघडले. त्या दिवसापासून पावणेचारचा भोंगा झाला की माझा हात थांबतो, चेंडू बाजूने निघून जातो आणि लहान पोरं हसतात. मी त्यांना फेऱ्या मारायला लावत नाही. भोंगा संपेपर्यंत आम्ही सगळे थांबतो, मग शिरीन पलीकडून सर्व्हिस करते.